कोरा रकाना

(दृश्य: शिवाजीनगर. मनोऱ्यावरचं घड्याळ, खाली रिक्षांची गर्दी.)

सिमला ऑफिस. पुणेकराला हे नाव बसथांब्यामुळे पाठ. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, पुढे दिल्लीला गेलं; नाव मात्र इथेच राहिलं. देशभरातल्या पावसाच्या नोंदीही पुण्यातच जतन होतात.

सकाळचे ८.३० वाजलेत. गावोगावचे पर्जन्यमापक आत्ता उघडले जात असतील.

(दृश्य: नरसाळं, बाटली, मापनपात्र. हात जवळून.)

नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल, तर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. तोंड १०० चं असेल, तर १० मिलिलिटरलाच १ मिलिमीटर. म्हणून प्रत्येकाचं मापनपात्र वेगळं. २०० च्या नरसाळ्यातलं पाणी घाईत १०० च्या पात्रात ओतलं, की पाऊस सरळ दुप्पट! मोजणारा प्रामाणिक, अक्षर सुवाच्य, आकडा खोटा.

तारखेचा घोळ वेगळाच. काल संध्याकाळी झोडपून गेलेला वळीव आजच्या तारखेला लिहायचा असतो, कारण पावसाचा दिवस ८.३० ला संपतो. नवख्याला हे पटत नाही, तो कालच्या रकान्यात लिहितो. मग त्या गावात पाऊस शेजाऱ्यांच्या एक दिवस आधी पडायला लागतो.

शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिलं की अशा चुका सापडतात. पण शेजाऱ्यावर तरी किती विसंबायचं? लोणावळ्यात धुवांधार आणि पुण्यात नुसती भुरभुर, हे तर आपलं नेहमीचंच. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३.४. 'शेजाऱ्याशी जुळत नाही, खोडा' असा नियम संगणकाला डोळे झाकून पाळायला लावला असता, तर तो दिवसच पुसला गेला असता. म्हणून संशयास्पद आकड्यावर खूण करायची. खोडायचं नाही. मग माणसानं मूळ नोंदवही काढून बघायची.

(दृश्य: जुनी नोंदवही. एक रकाना रिकामा.)

मला सगळ्यात भीती वाटते ती याची. निरीक्षक आजारी होता, नोंद झाली नाही. पुढे आकडे संगणकात भरताना कुणीतरी तिथे शून्य टाकलं. झाला एक कोरडा दिवस तयार! दुप्पट झालेला पाऊस निदान डोळ्यांत खुपतो; हे शून्य चारचौघांसारखं दिसतं. स्वयंचलित यंत्रही इथे फसतं: नरसाळ्यात कोळ्यानं जाळं विणलं, त्यावर पालापाचोळा बसला, की बाहेर धो धो आणि यंत्राच्या लेखी ऊन.

(दृश्य: पुन्हा पर्जन्यमापक.)

आज बाटली कोरडी आहे. तरी ती उलटी करून पाहिली जाते. नरसाळ्यात अडकलेलं गुलमोहराचं पान चिमटीनं काढलं जातं. मग वहीत, आजच्या तारखेसमोर, पेननं: ०.०