पाच जामीन आणि एक कॅसेट

तालिबानने पतंग उडवायला बंदी घातली, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती अमलात कशी आणली, हे पाहायचं तर डिसेंबर १९९६ चं काबूलचं फर्मान वाचावं लागतं. धर्माचरणावर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने काढलेलं.

त्यातलं गाण्याचं कलम बघा. दुकान, हॉटेल, गाडी, रिक्षा, कुठेच कॅसेट वाजता कामा नये. दुकानात सापडली तर दुकानदार तुरुंगात आणि दुकानाला कुलूप. मात्र पाच जणांनी हमी दिली, तर दुकान उघडणार आणि माणूस नंतर सुटणार. गाडीत सापडली तर चालकासकट गाडी जप्त, पुन्हा पाच जामीन. खरी मेख इथे आहे. आता त्या दुकानावर शिपाई ठेवायची गरज उरत नाही. ते पाच जणच कान देऊन बसतात. लग्नात गाणंबजावणं झालं तर अटक गाणाऱ्याला नाही, कुटुंबप्रमुखाला. म्हणजे ‘गप्प बसा गं पोरींनो’ हे घरातला वडीलधाराच म्हणणार. कबुतरं पाळणाऱ्यांना दहा दिवसांची मुदत, नंतर पक्षी मारायचे. दाढी केलेला सापडला तर ती दाट वाढेपर्यंत कोठडी!

पतंगाच्या कलमात मुख्य हुकूम दुकानं बंद करण्याचा आहे, आणि ते अचूक आहे. कागद-कामट्या कुठेही मिळतात. खरी करामत दोऱ्याची. काबूलमध्ये त्याला ‘तार’ म्हणतात. आपल्या मांजासारखंच: दोरा दोन खांबांमध्ये ताणायचा, भाताची खळ आणि काचेची पूड कालवून हाताने फिरवत लावायची आणि वाळू द्यायची. काच जाडसर राहिली तर ती आपलाच दोरा कापते. खळ पातळ झाली तर पूड झडून जाते. नीट वाळण्याआधी गुंडाळला तर चरख्यावरच, म्हणजे फिरकीवरच, चिकटतो. बोटं तर कापतातच. यात हात बसायला वर्षं लागतात, म्हणून चांगला दोरा विकतच घेतात. शिवाय पेच एकट्याने लढता येत नाही. एक उडवतो, दुसरा चरखा धरून ढील देतो. या दुसऱ्याला ‘चरखागीर’ म्हणतात. दोन माणसं, तीही गच्चीवर, आणि वर पतंग. लपवणार कसं?

कॅसेट लपवता येत होती. तरी तपासणी नाक्यांवर उपसलेल्या फितींचे झुबके टांगलेले असत. ‘तराने’, म्हणजे वाद्यांशिवायची गाणी, मात्र चालत, तालिबानची स्तुती असेल तर उत्तमच.

२०२१ मध्ये तालिबान परतलं. जुलै २०२३ मध्ये बायकांची ब्यूटी पार्लर बंद झाली. ऑगस्ट २०२४ च्या धर्माचरणाच्या कायद्यात ३५ कलमं आहेत. चालकाने गाडीत गाणी लावायची नाहीत, हिजाब नसलेल्या किंवा सोबत महरम, म्हणजे जवळचा नातलग पुरुष, नसलेल्या बाईला बसवायचं नाही. मागच्या सीटवर कोण बसलंय हे तपासण्याचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात.