टोपलीत वाढणारं द्राक्ष : सँटोरिनीचं असीर्तिको

पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मला वाटलं शेतात कुणीतरी काटक्यांच्या टोपल्या ठेवून विसरून गेलंय. ना मांडव, ना वाय (इंग्रजी Y आकाराचा आधार), ना तार, ना लोखंडी अँगल, नुसती राखाडी जमीन आणि त्यावर गुडघ्याएवढे हिरवे गोळे, आणि तो म्हणे द्राक्षाचा बाग! समोर बसलेल्यांपैकी निम्मे बागायतदार आहेत, तुम्हाला हसू येणारच.

हे ग्रीसमधलं सँटोरिनी बेट. पांढरी घरं, निळे घुमट, लग्नाचे फोटो, तेच ते. त्या बेटाचं वाईनसाठीचं मुख्य पांढरं द्राक्ष म्हणजे असीर्तिको. इसवीसनापूर्वी 1600 च्या आसपास तिथे ज्वालामुखी असा फुटला की बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्यावर राखेचा, प्युमिसचा (ज्वालामुखीतून येणारा हलका, सच्छिद्र दगड) जाडजूड थर बसला. त्या राखेखाली गाडलेलं अक्रोतिरी गाव 1967 पासून उकरून काढतायत. आता वाईनच्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं की 3500 वर्षांचं द्राक्ष, तर ते जरा सांभाळून घ्या हं, तिथे वेल लावणं तेवढं जुनं आहे, पण तेव्हाचं द्राक्ष हेच होतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

तर ती जमीन. स्थानिक लोक तिला आस्पा म्हणतात. राख, वाळू, प्युमिस, आणि चिकणमाती जवळपास शून्य. याचा एक भारी फायदा झाला. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड युरोपभर फिरली, बागांच्या बागा बसल्या, शेवटी सगळ्यांना अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली. चिकणमाती नाही तिथे ही कीड टिकत नाही, म्हणून सँटोरिनीचा वेल आजही स्वतःच्या मुळावर उभा आहे. आपण डॉगरिज या खुंटाशिवाय बागेचा विचार करत नाही (आपलं कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ), आणि तिथे मेलेल्या वेलाची जागा भरायची तर शेजारच्या वेलाची फांदी मातीत दाबायची, झालं, आपलं साधं दाब कलम.

पाऊस म्हणाल तर फार थोडा आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळाभर थेंब नाही, वर समुद्रावरचा वारा असा की वाळूने पानं सोलून निघतील. म्हणून ती टोपली, तिला कुलुरा म्हणतात. दरवर्षी छाटणीला राखलेल्या काड्या गोल गोल विणत जायच्या, घड आत लटकतात, पानं वरून झाकतात. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा प्युमिस स्पंजसारखा धरून ठेवतं, त्यावरच वेल जगतो. टोपली सत्तर-ऐंशी वर्षांनी थकली की जमिनीलगत कापून टाकतात आणि त्याच मुळातून नवा फुटवा धरतात, म्हणजे वर तरुण वेल आणि खाली पणजोबांच्या पणजोबांची मुळं! उत्पन्न मात्र विचारू नका, एकरी टनभर निघालं तरी खूप, आणि ऑगस्टच्या उन्हात वाकून वाकून तोडणी, मशीन त्या टोपलीत शिरणार कसं?

आता वाईनची चव. लिंबू, लिंबाची साल, आणि मागून एक खारट झाक, कैरीला मीठ लावून खाल्ल्यावर जिभेच्या कडेला जे होतं ना, तसं काहीतरी. विकणारे सांगतात ही ज्वालामुखीची चव. मला हे पटत नाही, वेल काही दगड विरघळवून घडात भरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती आंबटाई. एवढ्या उन्हात साखर चढून अल्कोहोल 14 टक्क्यांपर्यंत जातं तरी आम्लता खाली पडत नाही, थोडा वाणाचा गुण आणि थोडं त्या जमिनीत पोटॅश कमी असण्याचं देणं.

याच द्राक्षाची गोड वाईन म्हणजे विनसांतो. घड तोडून साधारण दोन आठवडे उघड्या उन्हात पसरतात, सोबत आयदानी आणि अथीरी ही दुसरी द्राक्षंही थोडी असतात, मग तो घट्ट रस आंबवून निदान दोन वर्षं लाकडी पिंपात. तासगावचा बेदाणा सावलीत रॅकवर सुकतो, इथे ऊन हवंच. अंजीर, खजूर, कॉफी असा वास, तरी शेवटी ती आंबटाई येतेच म्हणून गोडाचा कंटाळा येत नाही. एकेकाळी ही रशियात चर्चच्या प्रसादासाठी जायची.

मघाशी कुणीतरी विचारलं, आपल्याकडे लावलं तर? ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीत जिम बॅरी या वाईनरीवाल्यांनी लावलंय, 2016 च्या हंगामाची वाईन त्यांनी विकलीसुद्धा. वाण आणून बघायला माझी ना नाही. पण टोपली तिकडेच राहू द्या, आपल्या जुलैच्या पावसात ती डावणीचं (पानं-घडांवरचा बुरशीचा रोग) माहेरघर होईल. वायवरच चढवा, आणि मार्चच्या उन्हात ती आंबटाई टिकते का तेवढं आधी चार ओळींवर बघा.