लांबचं तिकीट, मधला मुक्काम

(नागपुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय 'कमी पैशांत आठवडाभर प्रवास'. राहणं, खाणं, फिरणं, सगळं घ्यायचंय. पण आधी तिकीट. घरून डबा नेऊन वाचवलेले पैसे आपण आरक्षणाच्या फॉर्मवर घालवतो, आणि घालवले हे कळतही नाही.

रेल्वेचं भाडं अंतराबरोबर वाढतं, पण दर किलोमीटरला सारखं नाही. सुरुवातीचे किलोमीटर महाग, पुढचे स्वस्त. म्हणून नागपूर ते मुंबई हे 837 किलोमीटरचं एक तिकीट नागपूर-नाशिक आणि नाशिक-मुंबई अशा दोन तिकिटांपेक्षा कमी पडतं. ऑटोतून उतरून पुन्हा बसलं की मीटर पहिल्यापासून पडतं, तसंच. (हशा) बरं, आपल्याकडे मीटर टाकतं कोण! वर ती दोन तिकिटं बघा. त्यात नाशिक-मुंबई भरतं जेमतेम 187 किलोमीटर, आणि स्लीपरला कमीत कमी 200 किलोमीटरचं भाडं लागतंच. म्हणजे न केलेल्या प्रवासाचेही पैसे.

"पण आम्हाला नाशकात उतरायचंच आहे, मग काहून एक तिकीट घ्यायचं?" उतरा ना! यालाच ब्रेक जर्नी म्हणतात. 500 किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर मध्ये उतरता येतं. 1000 किलोमीटरपर्यंत एकदा, त्यापुढे दोनदा. पहिला थांबा मात्र निघाल्यापासून 500 किलोमीटर झाल्यावरच. उतरलात तो दिवस आणि निघाल तो दिवस सोडून दोन दिवस राहता येतं.

आता गंमत बघा. नागपूरहून शेगाव साधारण 290 किलोमीटर. मुंबईला जाताना महाराजांच्या दर्शनाला उतरलात तर ते या नियमात बसत नाही. पण मुंबईहून परत येताना शेगाव पडतं 547 किलोमीटरवर, म्हणजे बसतं! त्याच तिकिटावर दर्शन घ्या, दुसऱ्या दिवशीची गाडी धरा. जाताना नाशिक, येताना शेगाव. भुसावळ मात्र दोन्हीकडून हुकतं, नागपूरहून 393, मुंबईहून 444. भुसावळला मामा असलेल्यांनी मला दोष देऊ नये. (हशा)

हे काम खिडकीवरचं. फॉर्म भरताना पहिली गाडी, उतरण्याचं स्टेशन, पुढची गाडी आणि तारीख असं सगळं एकाच वेळी लिहून द्या. आरक्षण शुल्क, स्लीपरला 20 रुपये, प्रत्येक गाडीचं वेगळं लागेल. भाडं एकूण अंतराचं. घोळ होतो तो उतरल्यावर. लोक तिकीट खिशात घालून सरळ बाहेर पडतात. तसं करू नका. तिकीट तपासनीस किंवा स्टेशन मास्तरकडून तिकिटावर स्टेशन, तारीख आणि सही घ्या. ती नसेल तर पुढच्या गाडीत टीटीईशी हुज्जत आणि वर दंडाची भीती. राजधानी, शताब्दीत ही सोय नाही.

माझी तक्रार आपल्या सगळ्यांवर आहे. 'ऑफर' शोधायला आपण तासभर मोबाइल चाळतो, पण...

(चिठ्ठी येते) पाच मिनिटं? राहणं-खाणं बाकी आहे हो! बरं, भरभर.

मुक्कामाला स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा, असेल तिथे डॉर्मिटरी. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी, म्हणजे निदान बसायला जागा मिळालेलं, लागतं. एका दिवसाचंच काम असेल तर खोलीच घेऊ नका, सामान क्लोक रूमला ठेवा. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.

खाण्याला रेल्वेचं स्वस्त जेवण, जनता खाना, 20 रुपये. रेल्वेच्या 'रेल नीर' पाण्याची लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपये, पंधरा मागितले तर देऊ नका.

तत्काळ, म्हणजे ऐनवेळचं आरक्षण, उघडतं एसीला सकाळी 10, स्लीपरला 11 वाजता, प्रवासाच्या आदल्या दिवशी. कन्फर्म तत्काळ रद्द केलं की परतावा शून्य. बेत पक्का नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा. शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतो, म्हणून पहिल्या दिवशी पहाटेची गाडी धरा. पण घरच्या बायकांसाठी घेताना आधी हिशोब करा. 17 मार्च 2023 पासून त्यांना तिकीट अर्धंच आहे, पास महाग पडू शकतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकटच, त्यांच्या पासावर पैसे घालू नका.

आणि दिवाळीतली पुणे-नागपूर ट्रॅव्हल्स! 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी बसला एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच घेता येतं. जास्त घेतलं तर छापील तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे लेखी तक्रार द्या. नुसतं तोंडी भांडून काही हाती लागत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. भरलेल्या फॉर्मचा नमुना दाराशी टेबलावर ठेवलाय, जाताना फोटो काढून घ्या.