पाणी तटाला लागलं तेव्हा

(दृश्य: जमिनीखालचा पोहण्याचा तलाव. पाण्याचा आणि मुलांचा आवाज घुमतोय.)

हेलसिंकीच्या पूर्व भागातला हा इटाकेस्कुसचा तलाव. जरा वर बघा. डोक्यावर कातळ आहे. तो आतून पोखरून हा तलाव केलाय. सकाळी इथे म्हातारी माणसं पोहायला येतात, दुपारी शाळेतली पोरं. वेळ आलीच तर पाणी काढून टाकायचं, जड दारं लावून घ्यायची, की सुमारे ३,८०० माणसांना इथे आसरा मिळतो. अशी आश्रयस्थानं ७२ तासांत तयार करता आली पाहिजेत, असा फिनलंडचा नियम आहे. देशाची वस्ती जेमतेम ५५ लाख, आणि आश्रयस्थानं पन्नास हजारांहून जास्त. त्यांत मिळून ४८ लाख माणसं मावतात.

युक्रेनचं युद्ध बघून ही खणलेली नाहीत. फिनलंड जगाला ‘आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही’ असं सांगत होता, त्याच दशकांत यातली बहुतेक तयार झाली.

तटस्थ हा आपल्या भाषेतला शब्द फार नेमका आहे. तट म्हणजे काठ, आणि काठावर उभा राहून प्रवाह बघणारा तो तटस्थ. पण कोणाचा काठ उंच असतो, कोणाचा सखल. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली आणि युरोपातल्या प्रत्येक तटस्थ देशाने आधी स्वतःच्या पायाखाली बघितलं.

(दृश्य: नाताळची आदली संध्याकाळ. बर्फातली दफनभूमी, कबरींपुढे मेणबत्त्या.)

फिनलंडच्या गावोगावी चर्चला लागून युद्धात पडलेल्यांच्या कबरी आहेत. आघाडीवर मेलेला जवान शक्यतो त्याच्या गावी आणून पुरायचा, अशी तिथली रीत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरचे लोक येऊन या कबरींपुढे मेणबत्त्या लावतात.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत संघाने हल्ला केला, तेव्हा फिनलंडची लोकसंख्या होती ३७ लाखांच्या आसपास. ते १०५ दिवस लढले. सुमारे २५ हजार माणसं गेली. जगाची सहानुभूती भरपूर मिळाली, स्वीडनमधून हजारो स्वयंसेवकही आले. कुठल्याही देशाचं सैन्य मात्र आलं नाही. तहात व्हीपुरी शहर गेलं, पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताचा बराचसा भाग गेला, आणि चार लाखांहून जास्त लोक घरदार सोडून देशाच्या उरलेल्या भागात आले. पुढे १९४१ मध्ये फिनलंड हिटलरच्या जर्मनीबरोबर स्वतःच रशियावर चालून गेला आणि पुन्हा हरला. हे प्रकरण तिथेही जरा खालच्या आवाजातच सांगितलं जातं.

मग १९४८ चा मॉस्कोशी मैत्रीकरार. तिथून पुढची चाळीस वर्षं शेजाऱ्याचा मूड बघून बोलायचं. उऱ्हो केक्कोनेन पाव शतक राष्ट्राध्यक्ष राहिले. १९७३ मध्ये तर निवडणूक न घेताच, खास कायदा करून त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. पश्चिम जर्मनीतल्या राजकारण्यांनी या सगळ्याला ‘फिनलंडीकरण’ असं कुत्सित नाव पाडलं. टोमणा मारणाऱ्यांच्या स्वतःच्या दारात अमेरिकन फौजेचा पहारा होता, ही गोष्ट वेगळी.

मला यात लाचारीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. तोंडाने गोड बोलणाऱ्या या देशाने सक्तीची लष्करी सेवा कधी बंद केली नाही. शीतयुद्ध संपल्यावर निम्म्या युरोपने ती मोडीत काढली, तेव्हाही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे युद्धाला जेमतेम अडीच महिने राहिले असताना, त्यांनी ६४ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं, तीही अमेरिकेकडून. तटस्थता त्यांनी हिवाळ्यातल्या कोटासारखी अंगावर घेतली होती. थंडी आहे म्हणून घातलेला कोट. त्यावर कोणी जीव लावत नाही.

(दृश्य: हेलसिंकी, संसदेच्या पायऱ्या. मे २०२२.)

म्हणूनच तटस्थतेचा तो कोट उतरला इतक्या पटकन. जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधान सना मरीन म्हणाल्या होत्या की आपल्या कारकिर्दीत नाटोत, म्हणजे अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी गटात, जाण्यासाठी अर्ज होण्याची शक्यता फारच कमी. लोकांनाही ते मान्य होतं. नाटो हवी म्हणणारे वर्षानुवर्षं वीस-तीस टक्क्यांच्या घरात. फेब्रुवारीअखेरच्या चाचणीत तो आकडा ५३ वर गेला, मे महिन्यात ७६ वर. नेते मागे राहिले, लोक पुढे निघून गेले. १७ मे ला संसदेत मतदान झालं: १८८ बाजूने, ८ विरोधात. रशियाला काय सांगाल, असं पत्रकारांनी विचारल्यावर राष्ट्राध्यक्ष साउली नीनिस्तो शांतपणे म्हणाले होते, हे तुम्हीच घडवलंत, आरशात बघा.

४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोचा ३१ वा सदस्य झाला. रशियाला लागून असलेली १,३४० किलोमीटरची सीमा एका दिवसात नाटोची सीमा झाली.

स्वीडनची गोष्ट याहून गमतीची. १६ मार्च २०२२ ला क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह म्हणाले, युक्रेनने ऑस्ट्रिया किंवा स्वीडनसारखं तटस्थ व्हावं, हा तडजोडीचा मार्ग होऊ शकतो. दोनच महिन्यांनी, १८ मे ला, त्याच स्वीडनने फिनलंडच्या जोडीने नाटोकडे अर्ज टाकला. दोनशे वर्षं लढाईत न पडलेला देश ७ मार्च २०२४ ला नाटोत दाखल झाला.

आणि युक्रेन? इथे जरा थांबायला हवं, कारण वादात हे नेहमी गाळलं जातं. १६ जुलै १९९० च्या सार्वभौमत्वाच्या जाहीरनाम्यातच युक्रेनने लिहून ठेवलं होतं की आम्हाला कायमचं तटस्थ राष्ट्र व्हायचंय, कुठल्याही लष्करी गटात जायचं नाही. २०१० मध्ये पुन्हा कायदा करून गटनिरपेक्ष धोरण पक्कं केलं. तो कायदा लागू असतानाच, २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया घेतला. संसदेने ते धोरण सोडलं त्यानंतर, डिसेंबर २०१४ मध्ये. ‘युक्रेन तटस्थ राहिला असता तर’ या वाक्याला ही तारीख आडवी येते.

(दृश्य: व्हिएन्ना, २६ ऑक्टोबर. चौकात शपथ घेणारे नवे सैनिक.)

ऑस्ट्रियाचं गणित उलटं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं तिथे चार देशांच्या फौजा होत्या. कायम तटस्थ राहू, या शब्दावर १९५५ मध्ये त्या निघून गेल्या. २६ ऑक्टोबरला संसदेने तटस्थतेचा कायदा केला, आणि तोच आज त्यांचा राष्ट्रीय दिन. आपण १५ ऑगस्टला झेंडावंदनाला जमतो, तसे ते या कायद्याच्या दिवशी जमतात. तिथल्या माणसाला ‘तटस्थता सोडा’ सांगणं म्हणजे स्वातंत्र्य परत करा सांगण्यासारखं.

३० मार्च २०२३ ला युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की व्हिडिओवरून ऑस्ट्रियाच्या संसदेशी बोलू लागले, तेव्हा फ्रीडम पार्टी या कडव्या उजव्या पक्षाचे खासदार उठून गेले. बाकांवर फलक ठेवून: ही जागा तटस्थतेची. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत हाच पक्ष पहिला आला. या देशभक्तीच्या तळाशी गॅसची पाइपलाइनही आहे, हे विसरू नये. मॉस्कोकडून गॅस घेण्याचा करार पश्चिम युरोपात सर्वांत आधी ऑस्ट्रियाने केला, १९६८ मध्ये. शिवाय नकाशा बघा: स्वित्झर्लंड आणि चिमुकला लिख्टेनश्टाइन सोडले तर चहूबाजूंनी नाटोचे देश. काठ उंच आहे, पण तो शेजाऱ्यांनी बांधलेला.

स्वित्झर्लंडने २८ फेब्रुवारी २०२२ ला युरोपीय संघाचे रशियावरचे निर्बंध जसेच्या तसे स्वीकारले आणि जग चकित झालं. पण जर्मनीने पूर्वी विकत घेतलेला स्विस बनावटीचा दारूगोळा, गेपार्ड या विमानविरोधी तोफांचे काही हजार राउंड, युक्रेनला द्यायची परवानगी मागितली, तेव्हा बर्नने, म्हणजे स्विस सरकारने, ठाम नकार दिला. लढणाऱ्या देशाला शस्त्र जाता कामा नये, असा कायदा. शेवटी जर्मनीने तो दारूगोळा स्वतःच बनवायला घेतला. पैसा गोठवलेला चालतो, गोळी गेलेली चालत नाही. ही १८१५ पासून जपलेली तटस्थतेची निष्ठा म्हणायची की तळ्यात-मळ्यात? स्विस लोकांचंच यावर एकमत नाही. उजव्या गटांनी लाखाहून जास्त सह्या गोळा करून अशा निर्बंधांनाही राज्यघटनेतच आळा घालायची मागणी केली आहे, आणि दोन्ही बाजू स्वतःला देशभक्त म्हणवतात.

जून २०२४ मध्ये त्याच स्वित्झर्लंडमध्ये, ब्युर्गेनश्टॉकला, युक्रेनसाठी परिषद भरली. भारताचा प्रतिनिधी हजर होता. संयुक्त निवेदनावर सही केली नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अलिप्ततावाद शिकलेल्या आपल्याला त्यात नवल वाटलं नाही. युरोपचे प्रश्न ते जगाचे प्रश्न, पण जगाचे प्रश्न ते युरोपचे नव्हेत, ही वृत्ती सोडा, असं परराष्ट्रमंत्री जयशंकर २०२२ मध्ये ब्राटिस्लाव्हात बोलले, तेव्हा इकडे टाळ्या पडल्या. टोला रास्तच होता. पण दिल्लीपासून कीव्ह साडेचार हजार किलोमीटरांवर आहे. खारकीव्हच्या तळघरात अडकलेल्या आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरचे सोडले, तर हा प्रवाह आपण दुरूनच बघितला.

(दृश्य: बाल्टिक समुद्र. लहान लाकडी घरं, बोटी, सायकली.)

ही फिनलंडची ऑलांड बेटं. १८५६ साली, क्रिमियाचं युद्ध संपताना, इथे कोणी तटबंदी करू नये असं ठरलं. १९२१ मध्ये ती तटस्थही ठरली. इथल्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा नाही. नाटोत गेल्यावरही फिनलंडने हे करार मोडलेले नाहीत. ते पाळले जातात की नाही हे बघायचा हक्क १९४० च्या कराराने मॉस्कोला मिळाला. त्यासाठी राजधानी मारिएहाम्नमध्ये एक वाणिज्य दूतावास आहे. त्यावर रशियाचा झेंडा असतो.