सदाफुलीच्या पानातली जनुकं
नमस्कार श्रोतेहो. दारातल्या कुंडीत बारा महिने फुलणारी सदाफुली तुमच्या ओळखीची आहे. तिच्या पानांत विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध असतं, पण एका ग्रॅमसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. कारण हा रेणू दोन लहान रेणूंच्या जोडणीतून तयार होतो, आणि त्यातलं कॅथरँथिन पानावरच्या मेणात तर विंडोलिन आतल्या पेशींत असतं. म्हणून हे दोन्ही रेणू घडवणाऱ्या एन्झाइमांची, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणाऱ्या प्रथिनांची, जनुकं शोधून यीस्टमध्ये घालायची, म्हणजे यीस्टच ते रेणू बनवेल.

आधी पान, मूळ, खोड यांतला आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांची प्रत, वाचतात. या वाटेवरच्या माहीत असलेल्या जनुकांबरोबर ज्यांचं काम वरखाली होतं ती निवडायची, तरी यादी शेकड्यांत जाते. इथे संगणकाने नुसत्या साम्यावरून जनुकाला दिलेल्या नावावर विसंबू नये. 2018 मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधल्या सारा ओ'कॉनर यांच्या गटाने कॅथरँथिनचं जे एन्झाइम शोधलं, ते दिसायला एस्टर नावाचे रासायनिक बंध तोडणाऱ्यांच्या घराण्यातलं. प्रत्यक्षात ते एस्टर तोडत नाही, रेणूत कडी जुळवतं.

खरी परीक्षा जनुक गप्प करण्याची, म्हणजे त्याचं काम थांबवून काय बिघडतं ते पाहण्याची. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आलेलं रोप घ्या. शेंड्याच्या किंचित खाली खोड चिमट्याने दाबा आणि त्या जखमेत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, म्हणजे झाडाच्या पेशीत जनुकं पोचवणारा जीवाणू, सोडा. त्याच्यासोबत निरुपद्रवी केलेला विषाणू जातो, ज्यात आपल्या जनुकाचा डीएनएच्या साधारण 300 अक्षरांचा तुकडा असतो; विषाणूशी लढताना रोप तशीच अक्षरं असलेलं स्वतःचं जनुकही गप्प करतं. सुमारे तीन आठवड्यांनी नवी पानं तपासायची. शेजारच्या रोपात हरितद्रव्याचं जनुक गप्प करा: पानं पिवळी पडली तर पद्धत चालली. रिकामा विषाणू दिलेलं रोपही हवंच, कारण जखमेनेच पानातली रसायनं बदलतात.

बहुतेक वेळा घोळ तुकडा निवडताना होतो. भावंडं-जनुकांची अक्षरं सारखी असतात, दोन्ही गप्प होतात आणि दोष भलत्याच्या माथी जातो. तुकडा जनुकाच्या शेवटच्या, वेगळ्या भागातून घ्यावा.

जनुक बरोबर असेल तर त्याच्या एन्झाइमाला लागणारा आधीचा पदार्थ न वापरता साचतो, आणि रेणू वजनावरून ओळखणाऱ्या वस्तुमान-वर्णपटात त्याचं शिखर उंचावतं. मात्र या वाटेवरचे काही रेणू इतके नाजूक की काढतानाच त्यांचं रूप बदलतं. शिखर दिसलं नाही म्हणून जनुक बाद करू नका.

मग तेच जनुक तंबाखूच्या कुळातल्या निकोटियाना बेंथामियानाच्या पानात बिनसुईच्या सिरिंजने भरून, आधीचा पदार्थ देऊन, चार-पाच दिवसांनी पान तपासतात. हे झाड कधीकधी परक्या रेणूला साखर चिकटवतं. तेही शिखर शोधावं.

2022 मध्ये यीस्टने कॅथरँथिन आणि विंडोलिन दोन्ही बनवली. लिटरमागे मिलिग्रॅमसुद्धा भरलं नाही, आणि शेवटची जोडणी अजून रसायनशाळेतच करावी लागली.