टाच घासण्याआधी जरा थांबा

नमस्कार मंडळी! आज पायांबद्दल बोलूया. तळव्याला घट्टे पडतात, टाचा फुटतात, मोजे घालताना धागे अडकतात, चादरीला पाय घासला की कर्रकन आवाज येतो, त्याबद्दल. चेहऱ्याच्या क्रीमवर लोक तासभर बोलतील पण टाचेचा विषय काढला की नाक मुरडतात, मला हे कधी कळलेलंच नाही, दिवसभर वजन काय चेहरा उचलतो का?

तर मुद्दा असा की घट्टा उगाच येत नाही. एकाच जागी रोज दाब पडतो, रोज घासलं जातं, मग तिथली त्वचा स्वतःला वाचवायला जाड होते. परत सांगते, दाब आणि घर्षण. त्यात तळव्याला तेलग्रंथी नसतातच, घाम येतो पण तेल सुटत नाही, म्हणून ती जाड झालेली कातडी सुकते आणि टाचेच्या कडेला फुटते.

आता आमच्या धाकट्या काकांचं सांगते, हे सांगायचंच होतं मला. काका शिंपीकाम करतात, पायाने चालवायचं जुनं मशीन, खाली बिडाचं जाळीदार पायडल. मुलगा मोटर बसवून देतो म्हणाला तर नको, मोटरीला कापड कळत नाही म्हणे. आणि चालवायचं अनवाणीच, चप्पल घातली तर टाका वाकडा जातो हे त्यांचं ठाम मत. (खरं तर त्यांनी शिवलेल्या शर्टाचं बटण मी आजवर तुटलेलं बघितलं नाही, आणि हल्ली रेडिमेड आणला की पहिल्याच धुण्यात दोन बटणं बादलीत, पण तो वेगळा विषय.) तर काकांच्या उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या जरा खाली, हा एवढा घट्टा. पिवळट, कडक, नखाने टिचकी मारली तर टक्क वाजायचा. डाव्या पायाला काही नाही बरं का, फक्त उजव्या. रविवार आला की काका पेपर पसरून दाढीचं ब्लेड घेऊन बसायचे. काकू ओरडायची, "अहो, पाय आहे तो, पेन्सिल नाही!" आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "अगं मेलेली कातडी ती, तिला काय दुखतंय."

दुखायची ती दुखलीच एका रविवारी. ब्लेड आत गेलं, रक्त थांबेना, पायाला पट्टी आणि मशीन बंद, गिऱ्हाइकं दारात. काकू वैतागून मशीनखाली साफसफाईला बसली, आणि फडका फिरवता फिरवता थांबली. अख्खं पायडल काळं, तेल आणि धुळीने माखलेलं, पण जाळीतली एकच पट्टी आरशासारखी चकचकीत. तिने काकांना बोलावलं, पट्टी बांधलेला पाय तसाच अलगद पायडलवर ठेवायला लावला. घट्टा बरोब्बर त्या पट्टीवर! काकू काही बोलली नाही, उठली, जुन्या रबरी चपलेचा तळ कापला आणि सुतळीने पायडलला करकचून बांधला. काका आठवडाभर कुरकुरले, मला मशीन लागतच नाही पायाला म्हणून. काकू म्हणाली, "कापडाला लागतंय ना, झालं तर मग." जखम पूर्ण भरल्यावर रोज रात्री क्रीम सुरू केलं, आणि काही आठवड्यांत तो घट्टा मऊ पडला, बराचसा गेलाही. काकू झोपली की काका अजून ते रबर सोडून ठेवतात असा मला दाट संशय आहे.

म्हणून घासायला बसण्याआधी कारण शोधा. कारण शोधा! एकाच पायाला आहे का? बुटात हात घालून बघा, एखादी शिवण, दुमडलेला तळ, घट्ट पंजा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

बाकी उपाय तुम्हाला माहीत आहेतच. कोमट पाण्यात १० मिनिटं पाय, कोमट म्हणजे कोमट, कढत नाही. मग वज्री किंवा प्यूमिस स्टोन हलक्या हाताने, थोडंसंच, एका बैठकीत सगळं काढायची घाई केली तर त्वचा चिडून आणखी जाड होते. पाय टिपून लगेच, ओलसर असतानाच क्रीम. युरिया असलेलं १० ते २५ टक्क्यांचं चांगलं, ते कडक थर मऊ करतं, पण उघड्या भेगेवर झोंबतं, तिथे साधं पेट्रोलियम जेली. वर सुती मोजे घालून झोपा. आणि पुरुषमंडळींनो, क्रीम लावल्याने कुणाची मिशी गळत नाही.

ब्लेड नको. परत एकदा, ब्लेड नको.

डायबिटीस असेल, पायाला बधिरपणा असेल, तर घरी घासणं नको, कुरुपाच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही खातं आणि बधिर पायाला ते कळतसुद्धा नाही. घट्टा वाटतोय पण त्यात काळे ठिपके आहेत आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतो, तर ती चामखीळ असू शकते. भेगेतून रक्त येतंय, पाय लाल होऊन सुजलाय, किंवा बोटांच्या बेचक्यात खाज आणि तळवा पांढरट कोरडा, म्हणजे बुरशीची शंका, तर सरळ डॉक्टरांकडे जा, क्रीम बदलत बसू नका. नमस्कार.