मंचेरजी भावनगरी: लंडनच्या पार्लमेंटातला ‘होयबा’?

१८९५ सालच्या ब्रिटनमधल्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी हरले. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच निवडणुकीत, त्याच लंडनमधून, मुंबईचा दुसरा एक पारशी निवडून आला होता. मंचेरजी मेरवानजी भावनगरी. ऐकलंय नाव? मीही नव्हतं ऐकलं.

जन्म १८५१, मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेज, भावनगर संस्थानाचे मुंबईतले एजंट, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर. इथवर सगळं सरळ. गंमत पुढे आहे. दादाभाई लिबरल, तर हे पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. आणि लढले कुठून? बेथनल ग्रीनमधून! म्हणजे ईस्ट एंडची कामगारवस्ती. समोर जॉर्ज हॉवेल, एकेकाळचा गवंडी, कामगार चळवळीतलं मोठं नाव. त्याला यांनी १६० मतांनी पाडलं. बॅरिस्टरने गवंड्याला, तेही गवंड्याच्याच आळीत!

आता हा माणूस ब्रिटिश राज्याचा उघड समर्थक आणि काँग्रेसचा टीकाकार. मग लोक सोडतात होय? इंग्रजीत त्यांच्या आडनावाची पार मोडतोड केली: ‘बो-अँड-अ‍ॅग्री’. वाका आणि हो म्हणा. आपल्या भाषेत, होयबा. १८९७ मध्ये ‘सर’ झाले, तेव्हा तर टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं.

पण थांबा. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांचे हाल चालले होते. ट्रान्सवालमध्ये तर फुटपाथवरून चालायलाही बंदी. तिकडून गांधींची पत्रं यायची आणि हा ‘होयबा’ पार्लमेंटात उभा राहून प्रश्न विचारायचा. कोणाला? स्वतःच्याच बाकांवरच्या वसाहतमंत्र्यांना! आधी चेंबरलेन, मग लिटलटन. विरोधी बाकांवरून ओरडणं सोपं असतं हो. हे जरा अवघड काम होतं.

१९०६ च्या लिबरल लाटेत भावनगरी पडले. दादाभाईही त्याच निवडणुकीत दुसऱ्या मतदारसंघातून हरले. आणि त्याच वर्षी, ८ नोव्हेंबरला, गांधी ट्रान्सवालच्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं घेऊन नवे वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांच्यासमोर गेले. शिष्टमंडळात कोण कोण होतं? दादाभाई होते. आणि भावनगरीही. दोघांकडेही खासदारकी नव्हती. मंत्री मात्र आता दादाभाईंच्या पक्षाचा होता.